घरचा आर्किटेक्ट

माफ करा, मोठ्या माणसांच्या मैत्रीबद्दल लिहायचा मला खरं तर अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अशी मैत्री आम्ही कुठे पाहणार? पण आर्किटेक्चर शिकताना ज्या सरांच्या ऑफिसात मी उमेदवारी केली, त्यांच्यामुळे ती जवळून बघायला मिळाली. चुकलं तर सांभाळून घ्या.

सरांचे मित्र एका जुन्या सरदार घराण्यातले. सगळे त्यांना राजेसाहेब म्हणत. त्यांना आमच्या मुळशीत, धरणाच्या पाण्यासमोर बंगला बांधायचा होता. त्या कामाच्या पहिल्याच भेटीत ते सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही आता घरचेच. दारातल्या दगडावर माझ्या नावाखाली तुमचं नाव कोरायचं." सरांनी आयुष्यभर घरं बांधली, पण दगडावर नाव कुठेच नव्हतं. त्याच आठवड्यात त्यांनी अक्षरांचं वळणसुद्धा काढून ठेवलं.

घरचं होण्याचे फायदे मला हळूहळू कळले. घरच्या माणसाला कधीही फोन करता येतो. त्याच्याकडून जिना आज पूर्वेला, उद्या पश्चिमेला हलवून घेता येतो. साइटवर पाहुणे आले की पंगत बसायची. घरच्यांनी शेवटी जेवायचं ही आपली रीतच, म्हणून सर पाण्याचा जग घेऊन वाढत फिरायचे. आमची पाळी येईपर्यंत आमटी संपलेली असे. मग पौडच्या स्टँडसमोर वडापाव खाताना ते मला समजावत, की असा रसिक यजमान मिळायला भाग्य लागतं. मला ते पटायचं. वडापाव गरम असायचा.

बंगला पुरा झाला. सरांनी रेशमी कुर्ता घेतला आणि वास्तुशांतीच्या आमंत्रणाची वाट पाहू लागले. मी भीत भीत विचारलं, तर म्हणाले, राजेसाहेब स्वतः येतील द्यायला.

मग एके दिवशी आईचा फोन आला. ती गावातल्या कार्यांना भाकऱ्या थापायला जाते. आदल्या दिवशी बंगल्याची वास्तुशांत झाली, म्हणाली. मंत्री आले होते. गवंड्याला, सुताराला फेटे बांधले.

"दगडावर सरांचं नाव आहे ना?" मी विचारलं.

"राजेसाहेबांचं हाय, अन् मंत्र्याचं हाय. म्या इचारलं राजेसाहेबास्नी, पोराचे सर न्हाई आले? तर म्हनले, घरच्या मानसाला कसलं आवतान? अन् घरच्याचं नाव कुनी दगडावर घालतं का?"

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आमटी मातर लई उरली."