टीव्ही बंद केला अन् पोरगी दारातच राहिली

पिक्चर संपाले थोडासाच राहिला होता अन् माह्या लेकानं टीव्ही बंद केला. रामराम मंग करीन तुमाले.

आज दुपारी अकोल्यात लेकाच्या घरी सगळे मिळून पाहाले बसलो. पिक्चरमधी शाळेतला एक पोरगा एका पोरीच्या दारापुढं रोज सायकलची चेन पाडते अन् बसवते. बोलत कोणीच नाही. सून उठली, नातू उठला. "यात काही होतच नाही," म्हणे.

मी एकटीच उरली. शेवटी ती पोरगी दारात आली, अन् आतून येऊन लेकानं रिमोट दाबला.

"कावून बंद केला रे?"

"आई, मले वाटलं तू झोपली."

परत लाव म्हणेपर्यंत तो कामाले निघून गेला.

दर्यापूरले मी त्या पोरीएवढी होती तवा हंडा अर्धाच भरून आणो, म्हणजे विहिरीवर दुसरी खेप व्हावी. समोरच्या ओट्यावर एक पोरगा बसे. वर्षभर एक शब्द नाही बोलली. मंग माह्यं लगन दुसऱ्यासंगं लागलं. पिक्चरवाल्यानं ते वर्ष दोन घंट्यात उरकलं, तरी घरचे म्हणतेत हळू आहे.

ती पोरगी बोलली का नाही, एवढंच सांगा. ज्यानं शेवटपर्यंत पाहिला त्यानंच सांगा. अर्ध्यातून उठलेल्यायनं इथं लाइकचा अंगठा देऊ नका.