खडकीच्या तोफांना हळदीकुंकू

दिघीत आमच्या शेजारी राहणाऱ्या सुभेदारकाकांनी पलटणीतून पेन्शनीत आल्यावर पडवीत वाळू पसरून खडकीची लढाई मांडली. इंग्रज विरुद्ध पेशवे. बोटाएवढ्या तोफा त्यांनी आमच्या बांधावरच्या बाभळीच्या लाकडातून कोरल्या. गोळा लागला की नाही, ते कवड्या टाकून ठरायचं. काका इंग्रज व्हायचे, कारण उभी नोकरी साहेबाच्या तोफा ओढण्यात गेली. पेशव्यांकडून मी.

पण रंगवताना त्यांनी इंग्रजांच्या तोफा पितळी चकचकीत केल्या आणि आमच्या गंजक्या! वर नियम काय, तर गंजकी तोफ एक डाव सोडून उडणार. म्हणजे आमचा पराभव रंगाच्या डबीतच ठरलेला. स्वराज्याच्या सभांची पत्रकं लिहून माझा हात तयार होता. एक त्यांच्या दारावर डकवलं : ‘आमच्याच तोफांना गंज का?’

"पोरी, दार नको खराब करू," काका म्हणाले. "तूच रंगवून आण. निगा दिसली तर दर डावाला उडवू."

गणपतीच्या मुकुटाला लावतात ती सोनेरी भुकटी व्हार्निशात कालवून मी तोफा रंगवल्या आणि ओट्यावर वाळत ठेवल्या. दिवस नेमका खंडेनवमीचा. आईनं विळे, कोयते, कुऱ्हाड पुजली. शेजारी तोफा दिसल्या, त्यांनाही हळदीकुंकू वाहिलं. ओल्या रंगात ते असं बसलं की निघेना.

"आई, काय केलंस हे!"

"हत्यारंच हायती न्हवं? मग?"

तशाच घेऊन गेले. काकांनी एकेक तोफ फिरवून पाहिली. निगा मंजूर. मी कवड्या उचलल्या, तर म्हणाले, "थांब. पुजलेलं हत्यार आज चालवायचं न्हाई. पलटणीतबी आज तोफा गप असायच्या."

"गंजकी निदान एक डाव सोडून तरी उडत होती! आता एकदाही नाही?"

"व्हय." आणि स्वतःच्या तोफा खुशाल पुढं सरकवू लागले.

मी तडक घरी गेले, आईचा करंडा आणला आणि इंग्रजांच्या तोफांना ओळीनं कुंकू टेकवलं.

"अगं, ह्या इंग्रजांच्या!"

"बाभूळ कुणाच्या बांधावरची?"

काकांनी हसू दाबत कवड्या पिशवीत टाकल्या.

"उद्या ये. शिलंगण झालं की."

"दर डावाला उडणार ना?"

"व्हय गं बाई, दर डावाला. पण ते दारावरचं काढ आधी."