धुऊन गेलेला मोर

अवधूतने मोर धुऊन टाकला. तोही राजघराण्याच्या आहेराचा.

बदलापूरच्या एका बिल्डरने जुन्या संस्थानिक घराण्यातल्या लग्नात द्यायला सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची सहा ताटं घेतली होती, आणि शेवटचा हात फिरवायला उल्हासनगरच्या पॉलिशच्या कारखान्यात पाठवली होती. प्रत्येक ताटात पिसारा फुलवलेला मोर. पिसाऱ्याच्या रेघांत काळं दिसलं, आणि नव्याने कामाला लागलेल्या अवधूतला वाटलं, मळच हा! त्याने एक ताट रिठ्याच्या गरम पाण्यात बुडवून ब्रशने असं घासलं, की ताट लखलखलं आणि मोर दिसेनासा झाला.

कारखान्याच्या शेठने ताट उन्हात धरलं. "अरे साईं, मोर किधर उड गया?"

अवधूतने इंदुबाईकडे पाहिलं. वांगणीपलीकडच्या पाड्यावरची ही बाई. बावीस वर्षं कारखान्यातली प्रत्येक वस्तू तिच्या फडक्याखालूनच बाहेर पडते, आणि आजवर एकही परत आलेली नाही, हे ती रोज कुणाला तरी ऐकवतेच. बिल्डरचा माणूस चार वाजता येणार होता.

"बावीस वर्षांत पयलं ताट परत येनार," ती म्हणाली, "आनि तेबी राजाचं!"

"मावशी, मला मळ वाटला."

"मंग तुझ्या भिवया पन घास."

तिने दुसऱ्या ताटातलं काळं नखाने खरवडलं, हुंगलं. "मेन हाय. मेन नि काजळ." मेणाचा गोळा कारखान्यात होताच. काजळ? इंदुबाईने कमरेच्या पिशवीतून पितळी डबी काढली. अंबरनाथला दिलेल्या तिच्या लेकीच्या, ठमीच्या तान्ह्या बाळासाठी एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ होतं ते. संध्याकाळी पोचवायचं होतं. तिने क्षणभर डबीकडे पाहिलं आणि सगळं काजळ मेणात कालवलं. रेघा भरल्या, वरचं अंगठ्याने पुसलं. मोराने एकेक पीस करत पिसारा पुन्हा उघडला.

चारला माणूस आला. त्याने ताटं मोजली, सही केली, गेला. मोराकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"एवढं करून बघितलंच नाही की त्याने!" अवधूत चिडला.

"नाय बघितलं, बरं झालं. बघनारेच परत आनतात."

दुसऱ्या दिवशी अवधूतने कात्रपच्या दुकानातून झकास काजळाची डबी आणली. इंदुबाईने ती झाकण न उघडताच परत केली. "दुकानातलं नको. दिवा लाव, वर ताट धर, नि सोता काजळ पाड."

अवधूतने दोनदा प्रयत्न केला. एकदा वात विझली, एकदा स्टीलचं ताट काळं केलं म्हणून आईने घराबाहेर काढलं.

ठमीचं बाळ आता बसायला लागलंय. इंदुबाई जेवणाच्या सुट्टीत रोज अवधूतसमोर पितळी डबी उघडते, आत बोट फिरवते, आणि कोरडं बोट त्याला दाखवते.