मी कापलेले दोरे

मला इंग्रजी वाचता येत नाही. मराठीसुद्धा मी शाळेत शिकले नाही, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून शिकले. माहेर निमोण्याचं, सासर वरवंडचं. घरात शिलाईचं मशीन, नवरा टेलर. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्या मशीनवरच्या दोऱ्यापासून सुरू झालं आणि एका चांगल्या माणसाची नोकरी जाण्यापाशी थांबलं. ती मला वाचवता आली असती. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

हायवेलगत एक खाजगी दवाखाना होता. आता नाही, तिथं टायरचं दुकान झालंय. मी तिथं लागले झाडू-फरशीला, पण दवाखान्यात मावशीला काय काय करावं लागतं ते मावशीलाच माहीत. दोन-तीन वर्षांत मी ॲम्ब्युलन्सवर जायला लागले. ॲम्ब्युलन्स म्हणजे काय हो, पांढरी मॅटाडोर. आत एक बाकडं, ऑक्सिजनचं सिलिंडर आणि औषधांची पेटी. संगं ब्रदर असायचा, म्हणजे पुरुष नर्स. शिरूरकडचा, तिशीच्या आतला, नुकतंच लग्न झालेलं. हात इतका हलका की सुई निघाल्यावर पेशंट विचारायचा, टोचलं का न्हाई अजून?

छातीत कळ आलेल्या माणसाला घरून आणायचं, नाहीतर पुण्याला पोचवायचं, हे आमचं काम. लोकांना जिभेखालची गोळी ऐकून माहीत असायची. शेजाऱ्याची मागून आणायची, माणूस उभा असतानाच तोंडात घालायची. त्या गोळीनं बी.पी. उतरतं, उभा माणूस तिथंच कोसळायचा. ब्रदर कधी चिडायचा नाही. "आप्पा, आधी निजा बघू. गोळी कुठं पळून जात न्हाई," म्हणायचा, बी.पी. बघायचा, मगच गोळी.

पण पेटीतल्या दोन इंजेक्शनांची मला धास्ती होती. नाडी फारच मंद झाली तर द्यायचं ते ॲट्रोपिन. हृदय बंदच पडलं तर द्यायचं ते ॲड्रेनलिन. दोन्ही बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या ॲम्प्युलमध्ये, मान मोडायची आणि सिरिंजमध्ये ओढून घ्यायचं. आधी एक पांढऱ्या काचेत यायचं, दुसरं तपकिरी. मग माल बदलला आणि दोन्ही तपकिरी यायला लागली. पाटसच्या अलीकडं गाडी खड्ड्यांत आदळत होती तेव्हा ब्रदर चुकीचीच मोडायला निघाला आणि ऐनवेळी थांबला. नंतर म्हणाला, "मावशी, आज माझ्या हातनं माणूस गेला असता."

घरी आल्यावर मी नवऱ्याच्या डब्यातून दोन रिळं काढली. ब्रदरनं नाव वाचून द्यायचं, मी बांधायचं. बंद पडलेल्या हृदयाच्या ॲम्प्युलला मानेखाली लाल दोरा, मंद नाडीच्याला हिरवा. लाल पेटीच्या या टोकाला, हिरवा त्या टोकाला. ब्रदरनं रंग बोलायचा, मी तोच रंग परत बोलायचा, मगच हातात द्यायचं. रिकामी ॲम्प्युल फेकायची नाही, खिशात ठेवायची आणि पोचल्यावर डॉक्टरांना दाखवायची. "हिरवा, मावशी." "हिरवा, बाबा." कितीतरी वर्षं असं चाललं आणि एकदाही चूक झाली नाही.

मग डॉक्टरांचे मेहुणे मॅनेजर म्हणून आले. पुण्यातली कोणी मोठी मंडळी दवाखाना बघायला येणार होती, म्हणून त्यांनी सगळं चकाचक करायला घेतलं. पेटी उघडली आणि दोरे पाहून म्हणाले, "मावशी, हे दर्ग्याचे गंडे इथं कशाला बांधलेत? पेशंटला औषध देता का फुंकर घालता?"

काउंटरवरची पोरगी हसली, ड्रायव्हर हसला. आमच्या घरी ईद असते हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यातून दोरा हिरवा. मीपण हसले. अजून ते हसू आठवलं की तोंड कडू होतं.

ब्रदर एकटा हसला नाही. "साहेब, गाडी हालती तवा एवढं बारीक अक्षर दिसत न्हाई. दोऱ्यानं चूक व्हत न्हाई."

"अक्षर दिसत नसेल तर चष्मा लावा. काढा ते."

घरची कात्री आणून मी माझ्याच हातानं सगळे दोरे कापले. मेहुण्यांनी नवी पेटी आणली, आत खणच खण. औषधं त्यांनी स्वतः लावली, इंग्रजी ए पासून झेडपर्यंत. दिसायला सुंदर! पण त्यामुळं माझी दोन टोकांची इंजेक्शनं शेजारी शेजारी आली.

चारच दिवसांनी भांडगावचे एक रिटायर हेडमास्तर दाखल झाले. भर दुपारी त्यांना पुण्याला हलवायचं ठरलं. डॉक्टरांनी ब्रदरला सांगितलं, वाटेत नाडी चाळिसाच्या खाली गेली तर ॲट्रोपिन द्या. मास्तरांचा मुलगा पुढं ड्रायव्हरजवळ बसला. चौफुला गेला तशी मास्तरांची नाडी उतरायला लागली, अंग गार, पण शुद्ध होती. मला म्हणाले, "बाई, आमचं भांडगाव आलं का?"

ब्रदर म्हणाला, "हिरवा, मावशी."

सवयीनं म्हणाला. मीही सवयीनं म्हणाले, "हिरवा, बाबा." आणि पेटीत हात घातला. रंग कुठं होता? जागाही नव्हती. मी शेजारची उचलली. त्यानं एक हात नाडीवर ठेवूनच ती घेतली आणि मोडली. वाचली नाही. मी दिलेली वाचायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

मास्तर एकदम ताठ झाले. "बाई, छाती फुटतीय," एवढंच बोलले. ब्रदर यवतपर्यंत छाती दाबत राहिला. हृदय बंद पडल्यावर लाल द्यायची असते. ब्रदरनं मानेनं खण दाखवला, मी हात घातला तेव्हा त्या खणातली एक आधीच कमी होती. तेव्हा मला कळलं. त्यालाही कळलं, मास्तर गेल्यावर खिशातली रिकामी त्यानं उजेडात धरून बघितली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. मेहुणे खुर्चीत, आम्ही दोघं उभे. रिकामी ॲम्प्युल टेबलावर होती. ती ब्रदरनं आपण होऊन ठेवली होती.

"कुणी दिलं हे?"

"मी दिलं," ब्रदर म्हणाला.

"वाचलं नाही?"

"न्हाई."

मी तोंड उघडलं नाही. नवऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, मशीन बंद पडलेलं, घर माझ्या पगारावर. आणि मनात एकच, बाईनं मास्तर मारला म्हणतील, आणि कुणाच्या घरची बाई तेही म्हणतील. हे सगळं खरं होतं. खरं होतं म्हणून काय झालं?

ब्रदरला त्याच दिवशी काढलं. महिन्याभरात पुण्याहून रंगीत स्टिकर छापून आले, एक लाल, एक हिरवं. पाहुणे आले की मेहुणे पेटी उघडून दाखवायचे, ही आमची पद्धत म्हणून. मी बाजूला चहाचा ट्रे धरून उभी असायची.

पुढं काही वर्षांनी शिरूरच्या स्टँडवर तोच ब्रदर भेटला. केस पिकलेले. त्यानंच हाक मारली, "मावशी!" बाकावर जागा करून दिली, चहा सांगितला. म्हणाला, "पोल्ट्रीत हाय आता. कोंबड्यास्नी लस टोचतो. एकीची बी तक्रार न्हाई."

मी म्हणाले, "बाबा, त्या दिवशी ती मी दिली होती."

"म्हाईत हाय की. वाचायचं काम माझं हुतं, ती चूक माझीच." त्यानं कप खाली ठेवला. "पर दोरे कुणी कापाया लावले, एवढं तरी बोलायचं, मावशी. मी तुमच्याकडंच बघत हुतो."

तो बघत होता हे मला माहीत होतं. म्हणूनच मी फरशीकडं बघत होते. ती फरशी त्या दिवशी सकाळी मीच पुसली होती.