करकरणारा साज

तुमच्याकडे हिवाळ्यात दुपारीच दिवे लावावे लागतात, असं तुम्ही फोनवर सांगता. आमच्या डहाणूला दुपार मावळायलाच तयार नसते. ती चिकूच्या झाडांखाली पसरून राहते, गल्लीतल्या वाळूवर लोळते आणि समुद्राचा वारा सुटला की झोपेतच कूस बदलते. अशा दुपारी मी घराच्या पायरीवर बसून समोरच्या शेडमधलं काम बघत असे. वाचायला पुस्तक हातात असायचं, पण पान उलटायचं राहून जायचं.

तुमचे आजोबा निवृत्त झाले आणि २०१४ साली आम्ही नरपडच्या बाजूला राहायला आलो. आमच्या फाटकासमोर, चिंचेखाली, पत्र्याची एक शेड होती. तिथे घोड्यांचा साज दुरुस्त होत असे. साज म्हणजे लगाम, छातीवरचा रुंद पट्टा, पोटाखालचा तंग, पाठीवरची गादी, डोळ्यांच्या कडेची झापडं. घोड्याच्या अंगावरचं सगळं कातडी काम. तुम्ही विचाराल, आता घोडे कुठले? होते. किनाऱ्यावर मुलांना फिरवणारे होते, तलासरीकडे लग्नात नवरदेवाला मिरवणारे होते. खारा वारा कातड्याला उंदरासारखा कुरतडतो. त्यामुळे सगळ्यांचे पट्टे कधी ना कधी त्या चिंचेखाली यायचे.

काम करणाऱ्यांना गल्लीत सगळे काका म्हणत. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. रापीने कातडं कापताना श्वास धरून ठेवायचे आणि तुकडा सुटला की सोडायचे. त्यांची बायको नरपडच्या कोळीवाड्यातली. शिवायच्या दोऱ्याला मेण घासायचं काम तिचं, आणि बोलायचं खातंही तिच्याकडेच.

काकांचा एक नियम होता. दुरुस्त झालेला पट्टा ते कानाजवळ नेऊन वाकवायचे. जरा जरी कुरकुरला तरी कोमट एरंडेल चोळत बसायचे. परत वाकवायचे, परत ऐकायचे. त्यांच्या हातून गेलेला साज पाण्यासारखा गप्प असे. "साज अंगावर आहे हे घोड्याला कळताच कामा नये," एवढंच ते म्हणायचे.

आमच्या गल्लीतून रोज एक टांगा जायचा. टांगेवाला पूर्वी स्टेशनवरून माणसं न्यायचा. रिक्षा वाढल्या तशी माणसं गेली आणि वाडीतले चिकूचे क्रेट रस्त्यापर्यंत नेणं उरलं. घोडी पांढरी, म्हातारी. तिच्या दोन्ही डोळ्यांत हळूहळू दूध साकळत गेलं आणि शेवटी तिला काहीच दिसेनासं झालं. तेव्हापासून टांगेवाला गाडीवर बसत नसे. तिच्या तोंडाशी हात ठेवून बरोबर चालायचा. ओझंही चार क्रेटचं, नावापुरतं. मी एकदा विचारलं, आता तिला मोकळी का सोडत नाही? तो म्हणाला, "आजी, जुंपली नाही तर ती खातच नाही. गवतात तोंड घालून नुसती उभी राहते. तिला वाटतं मी तिला टाकली."

ती यायच्या आधी तिचा साज ऐकू यायचा. कर्र, कुर्र. कर्र, कुर्र. मग चाकांची वाळूतली सरसर. मग त्याचं बोलणं: "चल बाय, वळण आलं. चल माझी बाय." सगळं जवळ यायचं आणि सुरूच्या झाडांत विरून जायचं. मी घरातलं प्रत्येक बिजागर तेल घालून गप्प ठेवणारी बाई, पण त्या आवाजाने माझा डोळा लागायचा.

२०१७च्या दिवाळीआधी छातीचा पट्टा गल्लीच्या तोंडाशीच तुटला. टांगेवाल्याने सगळा साज काकांपुढे आणून ठेवला.

काकांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "हा साज आहे की सुकवलेला बोंबील?"

"बोंबलाला नावं ठेवू नका," आतून बायको म्हणाली. "त्याच्यावरच वाढलायत तुम्ही."

काकांनी त्या कामाला आठवडा घातला. छातीचा पट्टा नवा केला, तंगाला अस्तर लावलं, झापडं पुन्हा शिवली आणि सगळ्याला भरपूर एरंडेल पाजलं. कडा अशा गुळगुळीत की बोट सरकून जावं. इतकं सुंदर काम मी त्यांच्या हातून त्याआधी पाहिलं नव्हतं. आंधळ्या जनावराला कुठे टोचलं तर ते सांगणार कसं, म्हणून त्यांनी एकेक टाका आत दाबून बसवला होता.

घोडीला जुंपली. टांगेवाला म्हणाला, "चल बाय." घोडी हलली नाही. त्याने मान थोपटली, गूळ दिला. तिने एक पाऊल टाकलं आणि थांबली. चारही पाय थरथरू लागले. कान मात्र पुढे, मागे, पुढे, मागे असे फिरत राहिले. गाडी सोडून नुसत्या साजावर चालवून बघितली, तरी तेच. साज काढून साध्या दोरीने घरी नेली, तीही भिंतीला अंग घासत गेली.

काकांना वाटलं पट्टा आवळ होतोय. ढिला केला. झापडं काढली, परत घातली. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी टांगेवाला एकटाच आला आणि चिंचेच्या मुळावर बसला.

"काका, माझा भाऊ म्हणतो, आता बास. न चालणारं जनावर किती दिवस पोसायचं? उंबरगावचा व्यापारी रविवारी येतोय. तो घेऊन जाईल."

व्यापारी म्हातारे घोडे नेतो आणि पुढे त्यांचं काय होतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. म्हणून कुणी विचारलं नाही. काका नुसते शिवायच्या आरीचं टोक अंगठ्यावर घासत राहिले.

बायको उन्हाळ्यात साठवलेल्या चिंचा सोलत होती. ती खाली बघतच म्हणाली, "अहो, ती कान का फिरवते?"

"घाबरलीय."

"घाबरलेलं जनावर कान पाडतं. ही शोधतेय काहीतरी." तिने चिंचोका टोपलीत टाकला. "माझा बाप धुकं पडलं की वल्ह्यांच्या कुरकुरीवर होडी हाकायचा. डावी आणि उजवी सारखी वाजली की होडी सरळ. एकदा माझ्या भावाने हौसेने वल्ह्यांच्या खाचांना तेल लावलं, तर बाप भर समुद्रात त्याच्या अंगावर धावून गेला. म्हणाला, माझे डोळेच काढून घेतलेस."

चिंचेचा पाला वाळूवर पडत होता. मला रोजचं ते कर्र, कुर्र आठवलं. एक डावीकडचं, एक उजवीकडचं.

टांगेवाला उठून उभा राहिला. "काका, आवाज परत घालता येईल?"

काकांचा चेहरा असा झाला, जसं कुणी त्यांना चोरी करायला सांगितलंय. "जन्मभर लोक माझ्याकडे आवाज घालवायला आले," ते म्हणाले.

"मग आता भरायला शिका," बायको म्हणाली. "रविवार काही थांबायचा नाही."

पुढचे दिवस काका आपलंच काम मोडत बसले. रिठ्याच्या पाण्याने पट्टे धुतले, भाताच्या कोंड्यात पुरून ठेवले, तेल शोषलं गेलं तसा कोंडा बदलला. मग उन्हात, खाऱ्या वाऱ्यावर टांगले. चिंचेच्या फांदीवरून ते पट्टे लोंबत आणि वाऱ्याने सावकाश फिरत. दुपारच्या गुंगीत मला वाटायचं, एक अख्खी घोडी तिथे तरंगतेय, फक्त आतलं अंग तेवढं यायचं बाकी आहे. मग जुन्या पट्ट्याचे टाकून दिलेले तुकडे काकांनी कचऱ्यातून शोधून काढले आणि दोन्ही खांद्यांपाशी, नव्या कातड्याला घासतील असे शिवले. पट्टा कानाशी नेऊन वाकवला. कुरकुरला. काकांनी डोळे मिटून घेतले.

शनिवारी संध्याकाळी घोडीला आणली. काकांनी स्वतः साज चढवला आणि टांगेवाल्याच्या कानात म्हणाले, "कुणी विचारलं तर सांग, वाणगावच्या बाजारातून आणला. माझं नाव घेऊ नकोस."

"नाही घेत, काका."

"चल बाय."

घोडीने उजवा पाय उचलला. कुर्र. ती थांबली. कान वळले. डावा पाय. कर्र. तिने एक लांब श्वास सोडला, इतका लांब की खालची वाळू उडाली. मग ती निघाली. वळणाशी टांगेवाल्याचा हात तिच्या तोंडाशी नव्हता, तो मागे राहून डोळे पुसत होता. ती आपली आपण वळली आणि सुरूच्या झाडांत शिरली.

"बघा," बायको म्हणाली, "तुमचं सगळ्यात वाईट काम सगळ्यात चांगलं चाललंय." काका हसले नाहीत, पण आवाज विरेपर्यंत तिथेच उभे राहिले.

व्यापारी रविवारी आला आणि चहा पिऊन गेला.

त्यानंतर टांगा रोज जायचा. किनाऱ्यावरचे घोडेवाले काकांना चिडवायचे, "काका, एरंडेल महागलं वाटतं!" काका मान खाली घालून काम करत राहायचे. साज जवळ आला की मात्र रापी खाली ठेवायचे.

२०१९च्या उन्हाळ्यात एका दुपारी मला पायरीवर डुलकी लागली होती. स्वप्नात की जागेपणी, कर्र, कुर्र ऐकू आलं. पण पावलं चुकत होती, आणि चाकांची सरसर नव्हती. मी डोळे उघडले. गल्लीतून टांगेवाला एकटाच येत होता. साज त्याच्या खांद्यावर होता.

काका उठून उभे राहिले. त्याने साज त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"झोपेतच गेली, काका. सकाळी." मग म्हणाला, "आता लावा तेल."

काकांनी एरंडेलाची वाटी बायकोकडे दिली. तिने ती गरम करून आणली. खांद्यापाशी शिवलेले ते दोन तुकडे काकांनी काढले नाहीत. त्यांनाही तेल चोळलं, हळूहळू, ऊन उतरेपर्यंत. मग पट्टा कानाशी नेऊन वाकवला. तो आता गप्प होता. तोच त्यांनी टांगेवाल्याच्या कानाशी धरला. तो बराच वेळ ऐकत बसला.