डावीकडचं दार

द्वारकेच्या टेस्ट ट्रॅकवर लायसन्सच्या रांगेत ती माझ्या पुढे होती. इथिओपियाहून दिल्लीत शिकायला आलेली. तिच्या देशात स्टिअरिंग गाडीच्या डाव्या बाजूला असतं आणि गिअर उजव्या हाताने टाकतात, म्हणून उभ्या उभ्या ती डाव्या हाताने हवेतच गिअर टाकून बघत होती. मागच्या खेपेला नापास झाले, असं तिने मोडक्या हिंदीत सांगितलं होतं.

तिला हाक आली. घाईघाईत तिने डावीकडचं दार उघडलं आणि आत बसली. समोर स्टिअरिंगच नव्हतं. रांगेत हशा पिकला. इन्स्पेक्टरने पेन उचललं. ती उतरली, दार हळूच लावलं, वळसा घालून उजवीकडे बसली आणि एकाही पिवळ्या रेषेला चाक न लावता गाडी फिरवून आली.

"पास हो गई आप!" मी म्हणालो.

ती हसली नाही. डावा हात अजून हवेत गिअर टाकतच होता. "अब घर जाके फेल हो जाऊँगी."

मला नागपूरची मावशी आठवली. गेल्या दिवाळीत मी तिला दिल्लीच्या गमती सांगत होतो, तर मध्येच म्हणाली, "मराठीत बोल ना रे बाबू."

मी मराठीतच बोलत होतो.