ट्रॉलीतली होडी

आधीच सांगून टाकतो, या सदरातले अनुभव मी वाचतो ते हसायला. पिंपळावरची बाई, मागून येणारी पावलं, आपोआप हलणारा पाळणा... मी गॅरेजवाला माणूस. बीडला कितीतरी वर्षं ट्रॅक्टर खोलतोय. कुठून आवाज आला की मी आधी बेअरिंग बघतो, आणि बेअरिंगच निघतं. लहानपणी आईनं गळ्यात ताईत बांधला होता, तो मी दगडावर घासून बघितला होता, चांदीचा आहे का म्हणून. पितळ निघालं. तर असा मी. पण एका गोष्टीचं बेअरिंग मला अजून सापडलेलं नाही, आणि आता वय झालं म्हणून लिहून टाकतोय.

चौसाळ्याला हायवे सोडून आत आठ-नऊ किलोमीटरवर आमचं गाव. मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. गावात फोन एकच, सोसायटीच्या ऑफिसात, आणि त्या सोसायटीच्या ट्रॅक्टरवर मी ड्रायव्हर. सलग दुसरं वर्ष पाऊस नव्हता. सकाळी पाण्याची टाकी ओढायची, दुपारी जनावरांच्या छावणीवर चाऱ्याची ट्रॉली न्यायची, एवढंच काम उरलं होतं. टाकी आली की आळीआळीला पाणी वाटायचं, आणि माझा एक हट्ट होता — माझी आळी शेवटी. ड्रायव्हरच्या बायकोनं आधी भरून घेतलं असं कुणी म्हणायला नको. लोक मला सरळ माणूस म्हणायचे आणि मलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

त्या दिवशी टाकी माझ्या दारापर्यंत येईतो रिकामी झाली. कुसुम, माझी बायको, नळीखाली घागर धरून उभी. नळीतून नुसती हवा आली.

"घरात प्यायला तांब्याभर न्हाई," ती म्हणाली.

"दुसरी खेप हाय की अजून."

"तुमी लोकांची घरं भरा. आमी घेतो आमचं बघून," म्हणाली आणि प्लॅस्टिकची घागर काखेत मारून तलावाच्या वाटेनं गेली. मी टायरची हवा बघत बसलो. थांब म्हणालो नाही, एवढं कबूल करतो.

तलाव म्हणजे नावाला. मध्ये हिरवं, वास मारणारं डबकं आणि भोवती गाळ. गावाच्या बाजूला बायका गाळाच्या कडेला खड्डे उकरून झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं भरायच्या. कडेचे झिरे त्या दिवशी आटलेले, म्हणून कुसुम आत गेली. वरून गाळ वाळून भेगाळलेला, पाय ठेवला तर टणक लागायचा. आत लोणी. साठेक पावलं गेली आणि पापुद्रा फुटला.

बायकांची ओरड ऐकून मी पोचलो तेव्हा ती छातीपर्यंत आत होती. रिकामी घागर काखेखाली दाबून धरलेली, तिच्यावर कशीबशी तोललेली. ओरडत नव्हती. तेच जास्त वाईट होतं.

आम्ही काही करायचं बाकी ठेवलं नाही. दारं काढून आणली, बाजा आणल्या, गाळावर टाकत निघालो. निम्म्या वाटेवर दारंच खाली जायला लागली. एक जण कमरेपर्यंत रुतला, त्याला दोरानं ओढून काढता काढता दोर तुटला. मग मी पलीकडं धावलो. पलीकडचा काठ खडकाळ, आणि तिकडून डबक्याचं पाणी थेट तिच्यापासून चार हातांवर येत होतं. मी ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबा फुगवून पाण्यात उतरलो. पण तलाव झाला तेव्हा त्यात बाभळी तशाच बुडालेल्या, हे मी विसरलो होतो. दोन्ही ट्यूबा काट्यांनी फुटल्या, पाय गाळात धरला गेला आणि मलाच लोकांनी ओढून बाहेर काढलं. माझ्या अंगावर काट्यांच्या रेघा, आणि समोर ती माझ्याकडं बघतेय.

बीडला फोन लावला. सरकारी बोट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेलेली, यायला संध्याकाळ होईल असं कळलं. शेजारचे गणपतनाना माझ्या कानात म्हणाले, "तंवर न्हाई टिकायची रं ती. बोटभर खाली गेलीया मगापासून."

तेव्हा मला होडी आठवली. चारा आणायला मी केजकडं जायचो, त्या रस्त्यावर एक तलाव होता. तिथं मच्छीमारांची सोसायटी होती. तलाव दोन वर्षं ठणठणीत कोरडा, माणसं पोटामागं गेलेली, पण एक लाकडी होडी काठावर पडलेली मी येता-जाता बघायचो. चाळीसेक किलोमीटर. मी पाण्याची टाकी सोडली, चाऱ्याची ट्रॉली जोडली आणि निघालो. नानांना म्हणालो, तिच्याशी बोलत राहा, गप्प होऊ देऊ नका.

तिथं राखणीला बाबूमामा नावाचे म्हातारे मच्छीमार होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"होडी ने बाबा, न्हाई कोण म्हनतं. पन तिला काय करशील? लाकूड वाळून आकसलंय. तीन दिस पान्यात भिजत घालावी लागती, तवा फळ्या फुगून फटी बुजत्यात. आज टाकली तर चाळणी हाय ती."

आमच्या गावात पिढ्यानपिढ्या कुणी होडीत बसलेलं नाही. लाकूड तरंगतं, एवढंच मला माहीत. म्हातारा खोटं बोलतोय असं समजून मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. ते मागं सरले नाहीत. त्यांनी माझा हात धरून होडीपाशी नेलं, आणि फळ्यांमधल्या फटीत स्वतःचं बोट घालून दाखवलं. मग मी खाली बसलो आणि रडलो. लाज वाटायचं काही कारण नव्हतं.

"ऊठ," मामा म्हणाले. "चिंध्या घेतो. तितं जाऊन ठासू. घंटाभर लागंल, पन बघू."

रस्त्यावरच्या सहा-सात माणसांनी हात लावला आणि होडी ट्रॉलीत चढली. पालथी घालायची असते म्हणे, पण ट्रॉलीच्या बाजूच्या फाळक्यांत ती पालथी बसेना, म्हणून उताणीच ठेवली, मागचं टोक हातभर बाहेर. दोराची गाठ मारायला मी ट्रॉलीत वाकलो तेव्हा होडीच्या तळातून ऊन खाली पडलेलं बघितलं. ट्रॉलीच्या पत्र्यावर उन्हाच्या रेघाच रेघा. हे मी मुद्दाम लिहितोय. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

मामा माझ्या शेजारी मडगार्डवर बसले. वाटेत आम्ही थांबलो नाही. एकदाही नाही. मी पुढं बघत होतो आणि डोक्यात एकच — घागर. ती घागर तिच्या काखेतून निसटली तर...

निम्म्या वाटेवर एक चढ आहे. एरवी चाऱ्यानं भरलेली ट्रॉली तिथं तिसऱ्यावर सहज जायची. होडी धरली तरी काय वजन? पण इंजिन दबायला लागलं. दुसरा टाकला. तरी धूर. शेवटी पहिल्यावर घ्यावी लागली, भरलेली टाकी ओढताना घेतो तशी. मी म्हणालो डिझेलमध्ये कचरा आला. आजच यायचा होता का?

चढ संपल्यावर एक गाव लागतं. रस्त्याच्या कडेला टँकरची वाट बघत बायका घागरींची रांग लावून बसलेल्या. आम्ही पुढं गेलो आणि त्या उठून मागं धावायला लागल्या. हातात घागरी, हंडे. "थांब की रं, ए डायव्हर, थांब." मला वाटलं, ओळखलं मला, टँकरवाला म्हणून. मी थांबलो नाही. एक बाई तर बरंच लांब पळत आली. मामा मागं वळणार होते, पण खड्डे इतके की त्यांनी दोन्ही हातांनी मडगार्ड धरलेला.

तलावाच्या खडकाळ काठाला मी ट्रॉली उलटी घेतली तेव्हा लोक धावत आले आणि जागच्या जागी थांबले. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. मी उतरलो. पहिल्यांदा टायर दिसले — ट्रॉलीचे दोन्ही टायर भाकरीसारखे चपटे बसलेले. मग पत्र्यावरून ओघळणारं पाणी.

होडी काठोकाठ भरलेली होती. स्वच्छ पाणी, तळाची फळी न् फळी दिसावी असं. मामांनी बांधून आणलेलं चिंध्यांचं गाठोडं वर तरंगत होतं.

मामांनी ओंजळ भरून तोंडात घेतली. "गोडं हाय," म्हणाले. त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो, कारण तो घाबरलेला होता. मग त्यांनी हात आत घालून फळ्यांवरून फिरवला. "फुगल्यात. समद्या फुगल्यात. बुजलंय समदं."

तेवढ्यात पलीकडून नाना ओरडले. घागर निसटली होती.

दोन वर्षं पाण्यासाठी तरसलेली माणसं तिथं उभी होती, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ते पाणी दगडांवर ओतलं. घमेल्यांनी उपसलं, होडी कलती केली, सगळं सांडलं. कुणी एक तांब्या बाजूला काढला नाही. होडी पाण्यात ढकलली. मी आणि मामा बसलो, त्यांनी बांबूनं बाभळी बाजूला सारत ती नेली आणि शेवटचे चार हात गाळावरून रेटली. तळाशी मी सारखं हात लावून बघत होतो. एक थेंब आत आला नाही.

कुसुम हनुवटीपर्यंत गेलेली. मी तिच्या काखेत हात घातले आणि धरून बसलो, मामा घमेल्यानं तिच्याभोवतीचा गाळ उपसत राहिले. किती वेळ गेला माहीत नाही. ती माझ्या दंडावर डोकं ठेवून म्हणाली, "आज खेप झाली का दुसरी?" ती बाहेर आली तेव्हा तिचे पाय तिचे नव्हते. महिनाभर उचलून न्यावं लागायचं.

दुसऱ्या दिवशी होडी परत द्यायला गेलो. ट्रॉलीतून उतरवताना खाली बघितलं तर फटींतून ऊन. एका रात्रीत! मामांनीही बघितलं. त्यांनी मला चहा दिला.

परत येताना मी चढाजवळच्या त्या गावात थांबलो. पळत आलेली बाई सापडली. मला बघून भडकलीच.

"कावून थांबला न्हाईस रे बाबा तू? भरलेली ट्रॉली घेऊन चालला व्हतास, पानी रस्त्यानं सांडत गेलं. आमी लुगडी भिजवून भिजवून पिळून घेतलं. अर्धी घागर झाली. लई गोडं पानी व्हतं. कुटल्या हिरीचं?"

त्या साऱ्या रस्त्याला तेव्हा पाणी असलेली विहीर नव्हती. असती तर टँकर कशाला लागले असते?

मी पुष्कळ विचार केलाय. कुणी भरलं म्हणावं तर शंभरेक घागरी पाणी चालत्या ट्रॉलीत कुणी भरलं? आणि भरलं तर फटींतून गळून का गेलं नाही? लाकूड फुगायला तीन दिवस लागतात, आम्हाला दीड तास लागला होता. इंजिनियर लोकांना विचारलं, एक जण म्हणाला तुम्हाला उन्हानं भास झाला. मग चढावर इंजिनालाही भास झाला का, असं मी विचारलं, तर हसला. मामा पुढं वारले. होडीचं काय झालं माहीत नाही.

देवाचं म्हणाल तर मी आजही हात जोडत नाही. त्या दिवशी जोडले नव्हते, तेव्हा सुचलंच नाही. कुसुमला एकदा विचारलं होतं, गाळात असताना कुणाचा धावा केला होता का. ती म्हणाली, "कशाचा धावा. तुमच्यावर राग आलता, तेवढ्यावरच टिकले."

हे लिहीत असताना ती आत भाकरी थापतेय. पुरावा मागाल तर तिच्या भाकरी थापण्याचा आवाज ऐकायला या.